क्रीडाचार्य अमॉस अलॉन्झो स्टॅग

अमेरिकेतील विद्यापीठीय क्रीडेच्या इतिहासात ज्यांचे नाव वारंवार येते, त्या अमॉस अलॉन्झो स्टॅग यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ रोजी न्यू जर्सी राज्यातील वेस्ट ऑरेंज या गावी झाला. वडील जोडे शिवून कुटुंबाचा चरितार्थ चालवीत. घरची अशी ओढग्रस्त स्थिती असूनही स्टॅग येल विद्यापीठात दाखल झाले आणि प्रसंगी अर्धपोटी राहून त्यांनी १८८८ मध्ये पदवी मिळविली. बेसबॉलमध्ये चेंडू फेकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. व्यावसायिक संघांनी त्यांना पैशांचे आमिष दाखविले; ते त्यांनी नाकारले. धर्मोपदेशक व्हावे ही त्यांची मूळ इच्छा होती, परंतु वक्तृत्व अंगी नाही हे ध्यानी येताच त्यांनी तो मार्ग सोडला आणि तरुणांना मैदानावरच घडविण्याचे ठरविले.

त्यासाठी ते १८९० मध्ये स्प्रिंगफील्ड येथील व्यायामशिक्षकांच्या विद्यालयात गेले. तेथेच जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉलचा खेळ शोधून काढला. ११ मार्च १८९२ रोजी त्याचा पहिला जाहीर सामना झाला, त्यात शिक्षकांचा संघ विद्यार्थ्यांकडून ५-१ असा हरला. शिक्षकांचा तो एकुलता एक गुण स्टॅग यांचा होता! याच विद्यालयात पुढे शिकलेल्या हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाची संस्था काढली, हेही आपल्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१८९२ च्या शरदऋतूत शिकागो विद्यापीठ सुरू झाले. त्याचे पहिले अध्यक्ष विल्यम हार्पर हे येलमध्ये स्टॅग यांचे गुरू होते. त्यांनी स्टॅग यांना नुसते प्रशिक्षक म्हणून नव्हे, तर प्राध्यापकवर्गातील कायम जागेवर नेमले. त्या काळी ही गोष्ट नवीनच होती. अन्यत्र प्रशिक्षक हंगामापुरता यावयाचा आणि सामने संपताच निघून जावयाचा.

तिकडचा फुटबॉल आपल्या फुटबॉलहून निराळा. त्यात चेंडू हातात घेऊन धावतात आणि प्रतिपक्ष धावणाऱ्याला अंगाला भिडून खाली पाडतो. या खेळाचे वेड इतके वाढले होते की, वर्गाचे तोंडही न पाहणारे धटिंगण नावापुरती नोंदणी करून खेळत. आज एका विद्यापीठाकडून, तर उद्या दुसऱ्याकडून. या अनाचाराला आळा घालण्यासाठी जानेवारी १८९५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनी शिकागो येथे सात विद्यापीठांच्या अध्यक्षांची बैठक बोलाविली. ८ फेब्रुवारी १८९६ रोजी प्राध्यापक-प्रतिनिधींची सभा भरून मंडळाची स्थापना झाली. शिकागोचे प्रतिनिधी अर्थात स्टॅग होते. खेळाडू हा प्रथम खरा विद्यार्थी असला पाहिजे, हा मंडळाचा पाया होता. अशा मंडळाला तिकडे कॉन्फरन्स म्हणतात. १८९९ मध्ये इंडियाना व आयोवा ही विद्यापीठे येऊन सभासदसंख्या नऊ झाली.

नियम करणे सोपे. पाळणे मात्र कठीण. ३० नोव्हेंबर १९०५ रोजी स्टॅग यांच्या शिकागोने मिशिगनला २-० असे हरविले. मिशिगनचा खेळाडू चेंडूसह स्वतःच्याच गोलरेषेमागे पाडला गेला आणि तेवढ्या दोन गुणांनी ५६ सामन्यांत अपराजित राहिलेल्या संघाची घोडदौड थांबली. शिकागोत जल्लोष झाला. पण त्याच वर्षी खेळाच्या दांडगाईत देशभर अनेक तरुणांनी प्राण गमावले होते, आणि खेळाडूंना मिळणाऱ्या सवलतींबद्दल एका नियतकालिकाने जी लेखमाला प्रसिद्ध केली, तीत शिकागोचेही वाभाडे निघाले होते. शीलाचे धडे देणारे स्टॅग विजयाच्या मोहापासून सर्वस्वी अलिप्त होते, असे म्हणता येणार नाही.

१९०६ मध्ये मंडळाने कडक नियम केले. विद्यार्थ्याने तीनच वर्षे खेळावे, पहिल्या वर्षी मुळीच खेळू नये, हंगामात पाचच सामने व्हावेत आणि प्रशिक्षक हा विद्यापीठाचा नियमित नोकर असावा. शेवटल्या नियमाची स्टॅग यांना झळ पोहोचण्याचे कारण नव्हते, कारण ते आधीपासूनच तसे होते. मिशिगनला मात्र हे जाचक वाटले. त्यांचे प्रशिक्षक फील्डिंग योस्ट हंगामापुरते येत. शिवाय तीन वर्षांची मर्यादा आधीपासून खेळत असलेल्यांनाही लागू होती. मिशिगन बाहेर पडले. दहा वर्षे ते दूरच्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळत राहिले आणि १९१७ मध्ये परतले. मधल्या काळात, १९१२ मध्ये, ओहायो स्टेट आत आले होते. संख्या दहा झाली, आणि लोक मंडळाला बिग टेन म्हणू लागले.

स्टॅग यांनी शिकागोला मंडळाची सात अजिंक्यपदे मिळवून दिली. तरी सत्तरी येताच विद्यापीठाने त्यांना निवृत्त केले. मानाचे, पण बिनकामाचे पद त्यांनी नाकारले आणि १९३३ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॉक्टनच्या लहानशा पॅसिफिक कॉलेजात ते नव्याने कामाला लागले. १९३८ मध्ये आपला संघ घेऊन ते शिकागोला आले. ज्या मैदानाला त्यांचेच नाव दिलेले होते, त्याच मैदानावर त्यांच्या शिष्यांनी शिकागोला ३२-० असे नमविले. हा विजय त्यांना गोड लागला असेल की कडू, कोण जाणे!

पुढल्याच वर्षी मिशिगनने शिकागोवर ८५-० अशी मात केली. विद्येला प्राधान्य देणारे तरुण अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी फुटबॉल बंद करविला, आणि १९४६ मध्ये मंडळाचे हे संस्थापक विद्यापीठ मंडळातून निघून गेले. स्टॅग तेव्हा ८३ वर्षांचे होते आणि अजून मैदानावर उभे होते. १७ मार्च १९६५ रोजी स्टॉक्टन येथे वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.

मंडळ मात्र वाढतच गेले. शिकागोच्या जागी मिशिगन स्टेट आले. १९९० मध्ये पेन स्टेट, २०११ मध्ये नेब्रास्का, २०१४ मध्ये मेरीलँड व रटगर्स. सभासद अकरा झाले, बारा झाले, चौदा झाले. नाव दहांचेच राहिले. पूर्वी कोणाला आत घ्यावयाचे हा प्रश्न बव्हंशी शेजाराचा आणि शिस्तीचा होता. आता तो दूरचित्रवाणीच्या उत्पन्नाचा झाला. २०२२ मध्ये मंडळाने प्रक्षेपणाचे जे करार केले, ते सात वर्षांचे आणि सात अब्ज डॉलरांहून अधिक रकमेचे असल्याचे प्रसिद्ध झाले. २०२४ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरील चार विद्यापीठे या मंडळात आली. त्यांचे जुने मंडळ बारांचे होते. त्या उन्हाळ्यात दहा सभासद निरनिराळ्या मंडळांत गेले आणि मागे दोनच उरले. स्टॅग यांचे जन्मराज्य न्यू जर्सी आणि त्यांनी देह ठेवला ते कॅलिफोर्निया, दोन्ही आता एकाच मंडळात आहेत. फुटबॉलचे सामने आठवड्यातून एकदाच होतात. पण पोहणाऱ्या, धावणाऱ्या मुलामुलींनाही आता सामन्यांसाठी खंडाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जावे लागते, आणि त्यांच्या तासिका बुडतात.

बिग टेनच्या फुटबॉल अजिंक्यपदाच्या चषकाला स्टॅग यांचेच नाव आहे. शिकागो विद्यापीठाने १९६९ मध्ये फुटबॉल पुन्हा सुरू केला. आज ते तिसऱ्या श्रेणीत खेळते, जेथे केवळ खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास मनाई आहे. त्या श्रेणीच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यालाही स्टॅग बोल असेच म्हणतात.