गंगा कालव्याचे निर्माते प्रोबी कॉटली

गाझियाबाद जिल्ह्यातील मुरादनगर येथून जाणाऱ्या वरच्या गंगा कालव्याचे पाणी नळाद्वारे दिल्लीपर्यंत पोहोचते. या कालव्याचे निर्माते सर प्रोबी थॉमस कॉटली यांनी स्थापत्यशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफखान्यातील अधिकारी होते.

इंग्लंडमध्ये १८०२ साली जन्मलेले कॉटली १८१९ मध्ये भारतात आले. १८२५ पासून पूर्व यमुना कालव्याच्या कामावर त्यांनी हा व्यवसाय आत्मसात केला. १८३० मध्ये तेथे पाणी सोडताच तीव्र उतारामुळे तळ खरवडला जाऊ लागला. तेव्हा ठिकठिकाणी पक्के प्रपात बांधून कॉटली यांनी वेग आवरला.

१८३७-३८ च्या भीषण दुष्काळात दोआबात लाखो माणसे दगावली. त्यानंतर कॉटली यांनी सहा महिने पायी व घोड्यावरून फिरून पाहणी केली आणि १८४० मध्ये अहवाल सादर केला. एप्रिल १८४२ मध्ये खोदाई सुरू झाली. गंगेला अडवण्यास हरिद्वारच्या पुरोहितांचा विरोध होता. बांधात मोकळी वाट ठेवून त्यांची समजूत काढण्यात आली. रुरकीजवळ सोलानी नदीवर प्रत्येकी ५० फुटांच्या १५ कमानींचा जलसेतू उभा राहिला. अभियंत्यांची निकड भागवण्यासाठी १८४७ मध्ये रुरकी येथे महाविद्यालय सुरू झाले. सुमारे ५६० किलोमीटर लांबीच्या मुख्य कालव्यात ८ एप्रिल १८५४ रोजी पाणी सोडण्यात आले.

मात्र उताराचा अंदाज येथेही चुकला. प्रपातांखालचा तळ खचू लागला आणि दक्षिणेतील ख्यातनाम अभियंते सर आर्थर कॉटन यांनी कडाडून टीका केली. दोघांत जाहीर वाद झडला. कॉटन यांचे सारेच आक्षेप टिकले नाहीत, परंतु वेगाबाबतचा दोष खरा ठरला आणि कालव्यात मोठे फेरबदल करावे लागले. प्रतिकृतीवर आधी प्रयोग करून पाहण्याची सोय त्या काळी नव्हती. पुण्याच्या खडकवासला येथील विख्यात जलसंशोधन केंद्राचा आरंभही १९१६ चा आहे.

इंग्लंडला परतलेले कॉटली १८५८ ते १८६८ या काळात इंडिया कौन्सिलचे सदस्य होते. २५ जानेवारी १८७१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १८७४ ते १८७९ दरम्यान रुरकी महाविद्यालयाचे प्राध्यापक कॅप्टन अ‍ॅलन कनिंगहॅम यांनी याच कालव्याच्या वाहत्या पाण्यात तरंगक सोडून वेगाची पद्धतशीर मोजणी केली. हे महाविद्यालय १९४९ मध्ये विद्यापीठ आणि २००१ मध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्था झाले.