सरपंचपद मिळाले, जमिनीचे काय?

कोपर हे मूळचे खाडीकाठचे गाव. आज ते कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत आहे. पोटासाठी गाव सोडून या भागात आलेल्या आपल्या बांधवांचे भाऊबंद अजून खेड्यातच आहेत. त्यांच्या हाती गावचा कारभार कसा येईल? याचे उत्तर कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या जीवनात सापडते.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात, आंबे गावी झाला. बाबासाहेबांचे ते विश्वासू सहकारी. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह त्यांनी नाशिकमध्ये राहून नेटाने चालवला. १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेत, १९५७ मध्ये लोकसभेत आणि १९६२ मध्ये राज्यसभेत गेले.

परंतु दादासाहेब खरे ओळखले जातात ते भूमिहीनांच्या लढ्यामुळे. ज्याची चूल दुसऱ्याच्या शेतावरील मजुरीवर पेटते, तो गावसभेत मालकाविरुद्ध हात वर करू शकत नाही, हे वास्तव त्यांच्या राजकारणाच्या मुळाशी होते. म्हणूनच १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये त्यांनी पडीक जमिनींसाठी सत्याग्रह उभारला. हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. त्याच काळात चळवळीतील काही सुशिक्षितांनी धोतर नेसणाऱ्या या नेत्याला हिणवले, पक्ष दुभंगला. ही आपलीच चूक होती, हे मान्य केले पाहिजे. २९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेबांचे निधन झाले.

पुढे १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती अंमलात आली. अनुसूचित जातींचे पंच आणि सरपंच आरक्षणातून निवडून येऊ लागले. पण जो सरपंच उपसरपंचाच्याच शेतावर राबतो, त्याने ठराव मांडायचा कसा? २००४ मध्ये दादासाहेबांच्या नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना आली. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन, अशी ती योजना. मात्र जमीन विकणारा भेटला तरच ती मिळते. गावचे गायरान कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न तसाच राहतो.

बांधवहो, गावच्या मतदारयादीत नाव असेल त्यालाच ग्रामसभेत बसता येते. आपण शहरात असलो तरी गावाकडील भावाला, वहिनीला २६ जानेवारीच्या ग्रामसभेला जायला सांगू या. गायरानाची नोंदवही मागायला सांगू या. दादासाहेबांना हेच खरे अभिवादन ठरेल.