शिलाहार राजा सोमेश्वर – मराठी निबंध (इतिहास)



समुद्रावरच्या लढाईत राजा पडला, असं म्हटलं की मुलांना परदेशातल्या गोष्टी आठवतात. नॉर्वेचा राजा ओलाफ इ. स. १००० च्या सुमारास असाच आरमारी लढाईत गेला. पण आपल्या ठाणे-मुंबईचा राजाही समुद्रातच गेला, हे मुलांना सांगितलंत का?

त्याचं नाव सोमेश्वर. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्याचा हा शेवटचा राजा. ठाणे, म्हणजे तेव्हाचं श्रीस्थानक, ही त्यांची राजधानी. अंबरनाथचं शिवमंदिर याच घराण्याच्या काळातलं, इ. स. १०६० चं. सोमेश्वराचे शिलालेख उरणजवळ रानवड आणि चांजे येथे सापडले आहेत. ते १२५९-६० च्या सुमाराचे आहेत.

त्याच सुमारास देवगिरीच्या गादीवर महादेव यादव आला. त्याने हत्तींचं मोठं सैन्य घेऊन कोकणावर स्वारी केली. जमिनीवर टिकाव लागेना, तेव्हा सोमेश्वर जहाजांवर चढला. यादवांनी समुद्रातही पाठलाग केला आणि सुमारे १२६५ मध्ये तो सैन्यासह बुडाला. साडेचारशे वर्षांचं राज्य संपलं आणि कोकण यादवांकडे गेलं.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ही हकिकत आपल्याला कळते ती हेमाद्रीच्या ग्रंथातून, आणि हेमाद्री होता महादेवाचाच मंत्री! त्याने लिहिलं की, सोमेश्वराला महादेवाच्या रागापेक्षा समुद्रातला अग्नी बरा वाटला. ही जिंकणाऱ्याची बाजू झाली. ओलाफची आठवण त्याच्याच कवींनी जपली. सोमेश्वराच्या बाजूने लिहिणारं कुणी उरलं नाही.

मग मुलांना काय दाखवायचं? बोरिवली पश्चिमेला एक्सर गावात वीरगळ आहेत. त्यांवर वल्ह्यांची जहाजं, लढणारे सैनिक आणि स्वर्गात जाणारे वीर कोरले आहेत. काही अभ्यासक त्यांचा संबंध याच लढाईशी जोडतात, काही त्यांना आणखी जुने मानतात. वीरगळ खालून वर वाचायचा असतो, एवढं मुलांना आधी सांगा. मग त्यांनाच विचारा, हरलेल्या राजाने ही गोष्ट कशी सांगितली असती? उत्तरं वहीत लिहून घ्या. इतिहास पाठ करण्याऐवजी तपासायचा कसा, हे मुलं तिथे शिकतील.