विश्लेषण : खेळण्यातल्या तलवारीचा एलईडी का जळतो? याचे गणित मांडणाऱ्या ओहम यांनी नोकरी का सोडली?

पारदर्शक प्लास्टिकची नळी, मुठीत ९ व्होल्टची बॅटरी, एक स्विच आणि आत एलईडी. ‘स्टार वॉर्स’ पाहिलेल्या मुलांना अशी प्रकाशाची तलवार घरीच करावीशी वाटते. सामानही सहज मिळते. मात्र एलईडी थेट बॅटरीला जोडला, तर तो क्षणभर लखलखतो आणि कायमचा विझतो. त्याला वाचवतो तो रंगीत पट्ट्यांचा छोटा रेझिस्टर. तो किती ओहमचा घ्यायचा, हे जॉर्ज सायमन ओहम यांच्या नियमाने काढता येते. या नियमासाठी ओहम यांना मोठी किंमत मोजावी लागली होती.

एलईडी का जळतो?

लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात आणि २० मिलिअ‍ॅम्पिअर धारा त्याला पुरते. व्होल्टेज त्यापुढे थोडे जरी वाढले, तरी धारा एकदम उसळते आणि एलईडी तापून जातो. म्हणून बॅटरीच्या ९ व्होल्टमधून २ वजा करायचे आणि उरलेले ७ व्होल्ट रेझिस्टरवर सोपवायचे. ७ भागिले ०.०२ म्हणजे ३५० ओहम. बाजारात त्याच्या जवळचा ३९० ओहमचा मिळतो, तो चालतो. तीन लाल एलईडी एकामागे एक जोडले, तर ६ व्होल्ट त्यांनाच लागतात. मग उरलेल्या ३ व्होल्टसाठी १५० ओहम पुरे.

इथे एक गफलत हमखास होते. एलईडी स्वतः ओहमचा नियम पाळत नाही, पाळतो तो रेझिस्टर. म्हणून तर त्याला सोबत घ्यावे लागते.

कोण होते ओहम?

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलपे बनवणारे कारागीर. त्यांनी गणित आणि विज्ञान स्वतःच शिकून घेतले होते आणि तेच मुलांनाही शिकवले. जॉर्ज दहा वर्षांचे असताना आई गेली. १८०५ मध्ये त्यांनी विद्यापीठात प्रवेश घेतला. पण अभ्यासापेक्षा नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरच्या स्केटिंगमध्ये जास्त वेळ जाऊ लागला. वडील संतापले. तीन सत्रांनंतर विद्यापीठ सुटले आणि मुलाची रवानगी स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणित शिकवायला झाली. १८११ मध्ये परत येऊन त्यांनी डॉक्टरेट मिळवली खरी, पण प्राध्यापकपद काही मिळाले नाही. पुन्हा शाळामास्तरकीच. १८१७ मध्ये ते कोलोनच्या शाळेत रुजू झाले. तिथे प्रयोगशाळा चांगली होती आणि वडिलांच्या कामाशी लहानपणापासून परिचय असल्याने धातूकामाची सवय हाताला होतीच.

नियम सापडला कसा?

वीज वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसुई हलते, हे १८२० मध्ये ओर्स्टेड यांनी दाखवले होते. सुई किती वळते यावरून धारा मोजता येईल, हे ओहम यांनी हेरले. अडचण होती ती बॅटरीची. त्या काळच्या बॅटरीचा जोर जोडल्या जोडल्या घसरू लागे, त्यामुळे आकडे जुळेनात. (जुन्या बॅटरीवर तलवार मंद होत जाते, तसाच काहीसा त्रास.) १८२५ मध्ये त्यांनी जाहीर केलेले पहिले सूत्र चुकलेच.

मग शास्त्रीय नियतकालिकाचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी बॅटरी सोडून थर्मोकपल वापरण्याचा सल्ला दिला. बिस्मथ आणि तांबे यांचा एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमानातला फरक कायम, त्यामुळे व्होल्टेजही कायम. आता तांब्याच्या वेगवेगळ्या लांबीच्या तारा एकेक करून लावल्या, तेव्हा चित्र स्वच्छ झाले. तार जितकी लांब, तितकी धारा कमी, तीही ठरलेल्या हिशेबाने. वीज पुरवणाऱ्या साधनाचाही स्वतःचा रोध असतो, हेही त्या सूत्रात आले. वर्ष होते १८२६.

मग नोकरी का सोडली?

ओहम अर्ध्या पगारावर रजा घेऊन बर्लिनला आले. १८२७ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. या पुस्तकावर विद्यापीठात जागा मिळेल, अशी त्यांची आशा होती. पण पुस्तक गणिताने गच्च भरलेले होते आणि तेव्हाच्या अनेक जर्मन भौतिकशास्त्रज्ञांना विजेची अशी मांडणी रुचली नाही. स्वागत थंड झाले, टीकाही झाली. दुखावलेल्या ओहम यांनी कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि पुढची काही वर्षे बर्लिनमध्ये गणित शिकवून गुजराण केली. चाळिशीच्या उंबरठ्यावर, नियम हातात असताना, पक्की नोकरी नाही! १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशिक्षण संस्थेत जागा मिळाली.

दाद आली ती परदेशातून. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदक दिले. म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ मध्ये. ६ जुलै १८५४ रोजी त्यांचे निधन झाले, म्हणजे ते पद जेमतेम दोन वर्षे लाभले.

१८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत रोधाच्या एककासाठी ‘ओहम’ हे नाव स्वीकारले गेले. आज एका लाल एलईडीच्या तलवारीसाठी दुकानात ‘३९० ओहम, पाव वॉट’ एवढे सांगितले की काम होते.