निष्कलंक कोण?



दरवर्षी ८ डिसेंबरला, निष्कलंक मरियेच्या सणाच्या मिस्सेत, दुसरे वाचन एफेसकरांस लिहिलेल्या पत्रातून होते. देवाने आपली निवड कशासाठी केली हे सांगताना संत पौल तिथे 'आमोमोस' हा ग्रीक शब्द वापरतो. सेमिनरीत आम्ही त्याचा अर्थ 'निष्कलंक' असा पाठ केला आणि परीक्षेत गुणही मिळवले. तो शब्द किती अवघड आहे, हे मात्र पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचताना कळले.

'मोमोस' म्हणजे बोल, ठपका; 'आ' म्हणजे नाही. ग्रीकांच्या कथांत मोमोस नावाचा एक देवच होता. इतरांच्या प्रत्येक कामात खोट काढणे हा त्याचा उद्योग! (असे मोमोस प्रत्येक गावात असतात, नळदुर्गातही.) पुढे यहुदी लोकांनी जुना करार ग्रीकमध्ये आणला, तेव्हा हाच शब्द वेदीवर अर्पण करायच्या जनावराला लावला. बाजारात बोकड घेताना आपण दात, डोळे, खूर पाहतो, तशीच ती पारख. आंधळे, मोडलेले, खरूज झालेले जनावर लेवीय ग्रंथाप्रमाणे चालत नसे. मग पौलाने हा शब्द माणसांना कसा लावला? आपल्यापैकी कोण त्या पारखीला उतरेल?

सोलापूरहून रेल्वेने पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागते. रमाबाईंचे 'मुक्ती' तिथेच आहे. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने रमाबाईंना. आईवडील व थोरली बहीण दुष्काळात गेली. भावाबरोबर पायी हिंडत त्या १८७८ साली कलकत्त्याला पोहोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' म्हटले. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी जातीबाहेर, बंगाली वकिलाशी विवाह केला. दोन वर्षांतच पती कॉलऱ्याने गेले. तेविसाव्या वर्षी विधवा, पदरी तान्ही मुलगी मनोरमा. त्या काळच्या समाजाच्या दृष्टीने याहून मोठा कलंक कोणता?

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचे होते, पण कानाने अधू असल्याने तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि मोमोसला दोन्हीकडून काम मिळाले. इकडे त्या धर्म बुडवणाऱ्या ठरल्या. तिकडे, विचारल्याशिवाय काहीच मान्य करत नाहीत म्हणून अँग्लिकन भगिनी नाराज. १८८९ मध्ये मुंबईत काढलेले शारदासदन पुढे पुण्याला गेले. १८९३ साली धर्मांतराच्या आरोपावरून पालकांनी मुली काढून नेल्या आणि रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या आपल्या कॅथलिक चर्चच्या नव्हत्या, आणि आमचेही त्यांच्याशी काही बाबतींत पटले नसते. पण पुढे काय झाले ते पाहा.

१८९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. उपाशी, उवा-खरजेने भरलेल्या. १९०० च्या दुष्काळात आणखी आल्या. संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आंधळ्यांसाठी 'बार्तीमी सदन' झाले. ज्यांना लोक 'बिघडलेल्या' म्हणत, त्यांच्यासाठी 'कृपा सदन' झाले. लेवीय ग्रंथातली नाकारलेल्यांची यादी आठवा आणि केडगावच्या या घरांची नावे शेजारी ठेवा! पेत्राच्या पहिल्या पत्रात निष्कलंक कोकरू एकच आहे, ख्रिस्त. बाकीच्यांना पारखून निवडलेले नाही, धुऊन घेतलेले आहे. एफेसकरांसच्या पाचव्या अध्यायात पौलही मंडळीविषयी हेच मांडतो.

उतारवयात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणायला घेतले. भाषा पंडितांची नको, केडगावच्या बायकांना कळेल अशी हवी, हा त्यांचा आग्रह होता. जिच्या संस्कृतपुढे कलकत्ता नमले, तिने असे म्हणावे, याचे आम्हाला राहून राहून नवल वाटते. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले. छपाई 'मुक्ती'तच झाली. एफेसकरांसच्या पत्रातील त्या शब्दाचे खिळे मुक्तीतल्या बायकांच्याच हातांनी जुळवले.