थडग्यावर नाव नसलेली अ‍ॅनी

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेतल्या आयरिश लोकांना मात्र हे पटत नाही. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याचे पीक कुजून आयर्लंडात जो भीषण दुष्काळ पडला, त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. पुढेही पन्नास-साठ वर्षे हा ओघ आटला नाही. आज त्यांची पणतवंडे जहाजांच्या याद्या, चर्चच्या वह्या आणि शिरगणतीचे कागद धुंडाळून आपले गाव शोधत असतात. या शोधात काय घोटाळे होतात, हे अ‍ॅनी मूर हिच्या चरित्रावरून चांगले कळते.

अ‍ॅनी ही कॉर्कची. आईबाप न्यूयॉर्कला आधीच गेलेले. अँथनी आणि फिलिप या दोन धाकट्या भावांना सांभाळत ती डिसेंबर १८९१ मध्ये क्वीन्सटाउन बंदरात (आजचे कोव्ह) 'नेवाडा' या आगबोटीवर चढली. ऐन नाताळ समुद्रावरच गेला. १ जानेवारी १८९२ रोजी एलिस बेटावरचे नवे सरकारी ठाणे उघडले आणि तेथे पहिले नाव नोंदले गेले ते हिचे! अधिकाऱ्यांनी तिच्या हातात दहा डॉलरचे सोन्याचे नाणे ठेवले. वर्तमानपत्रांनी तिचे वय पंधरा छापले, खरे तर ती सतरा वर्षांची होती. पण सतरापेक्षा पंधराची पोर वाचकांना अधिक भावणार, हे वृत्तपत्रवाल्यांना तेव्हाही ठाऊक असावे.

नाणे मिळाले, बातमी छापून आली आणि अ‍ॅनी गर्दीत दिसेनाशी झाली. १९५४ साली ठाणे बंद होईपर्यंत तिच्यामागून एक कोटीहून अधिक माणसे त्या बेटावरून आत गेली. पुढे त्या पहिल्या मुलीचे काय झाले, असे लोक विचारू लागले, तेव्हा एक फारच सुरेख हकिगत पुढे आली. अ‍ॅनी म्हणे पश्चिमेकडे टेक्सासात गेली, डॅनियल ओकॉनेल या थोर आयरिश पुढाऱ्याच्या वंशजाशी तिचे लग्न झाले आणि १९२३ साली ती अपघातात वारली. ही कथा पुस्तकांत गेली, त्या टेक्सासच्या कुटुंबाला समारंभांची आमंत्रणे येऊ लागली. त्या कुटुंबाला तरी दोष कसा द्यावा? आपली आजी थोर होती हे कोणाला आवडत नाही!

मेगन स्मोलेन्याक या वंशावळीच्या अभ्यासिकेने सरकारी नोंदी तपासल्या, तेव्हा टेक्सासची अ‍ॅनी इलिनॉय राज्यात जन्मलेली निघाली. म्हणजे तिने आयर्लंडहून येण्याचा प्रश्नच नव्हता. मग खरी अ‍ॅनी कोठे गेली? धागा सापडला तो धाकट्या भावाकडून, फिलिपच्या कागदपत्रांतून. २००६ मध्ये उलगडा झाला. अ‍ॅनी कोठेही गेली नव्हती. बोटीतून उतरली त्या बंदराजवळच, मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाकडच्या गरीब वस्तीत तिने जन्म काढला. जर्मन वंशाच्या, बेकरीत काम करणाऱ्या जोसेफ शायरशी तिने लग्न केले. अकरा मुले झाली, त्यांतली निम्मी लहानपणीच गेली. १९२४ साली, वयाच्या पन्नाशीत, हृदयविकाराने ती वारली.

मला ही दुसरी अ‍ॅनीच अधिक जवळची वाटते. बहुतेक स्थलांतरितांचे आयुष्य असेच गेले. घोड्यावर बसून पश्चिम जिंकणारे त्यांत थोडेच. १९९३ मध्ये कोव्ह आणि एलिस बेट या दोन्ही ठिकाणी तिचे पुतळे उभे राहिले, त्या वेळी ती स्वतः मात्र न्यूयॉर्कच्या कॅल्व्हरी दफनभूमीत, दगडही नसलेल्या जागी पडून होती. तिच्या नातवंडा-पणतवंडांना शोधून काढल्यावर, २००८ च्या ऑक्टोबरात तेथे क्रूस बसवण्यात आला. त्याचा निळसर चुनखडक आयर्लंडहून आणवला होता.