चार्ल्स अल्जर्नन पार्सन्स

सर चार्ल्स अल्जर्नन पार्सन्स (१३ जून १८५४ – ११ फेब्रुवारी १९३१) हे ब्रिटिश अभियंते व संशोधक होते. अनेक टप्प्यांच्या वाफेच्या टर्बाइनचे जनक म्हणून ते प्रसिद्ध आहेत. वेगाने फिरणारा प्रोपेलर पाण्यात का 'घसरतो' आणि ही घसर, म्हणजे स्लिप, कशी कमी करावी, याचा प्रयोगांनी छडा लावणाऱ्या सुरुवातीच्या अभियंत्यांतही त्यांची गणना होते. टर्बाइनच्या कीर्तीमुळे त्यांचे हे दुसरे काम काहीसे झाकले गेले. वस्तुतः ते झाले नसते, तर टर्बाइनला जहाजावर स्थान मिळणे कठीण होते.

पूर्वायुष्य

पार्सन्स यांचा जन्म लंडन येथे झाला. त्यांचे वडील विल्यम पार्सन्स हे रॉसचे तिसरे अर्ल. आयर्लंडमधील बर कॅसल या आपल्या वाड्याच्या आवारात त्यांनी ७२ इंच व्यासाच्या आरशाची प्रचंड दुर्बीण उभारली होती. आई मेरी या छायाचित्रणकलेत निपुण होत्या. घरीच भट्टी, लेथ आणि कारागीर असल्यामुळे चार्ल्स यांचे बालपण शाळेपेक्षा कर्मशाळेत अधिक गेले. शिक्षणही घरी नेमलेल्या शिक्षकांकडून झाले. पुढे डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज आणि केंब्रिजचे सेंट जॉन्स कॉलेज येथे शिकून १८७७ मध्ये गणिताच्या परीक्षेत ते अकरावे आले. त्यानंतर त्यांनी न्यूकॅसलजवळील एल्सविक येथे आर्मस्ट्राँग यांच्या कारखान्यात उमेदवारी पत्करली. उमरावाच्या मुलाने हातात कानस घ्यावी, ही त्या काळी सर्वसामान्य गोष्ट नव्हती.

टर्बाइन

१८८४ मध्ये पार्सन्स गेट्सहेड येथील क्लार्क, चॅपमन या कंपनीत कनिष्ठ भागीदार झाले आणि त्याच वर्षी त्यांनी पहिले टर्बाइन तयार केले. मिनिटाला सुमारे १८,००० फेरे घेणारे हे यंत्र ७.५ किलोवॅट वीज देत असे. वाफ एकाच झोतात सोडली तर तिचा वेग एवढा प्रचंड होतो, की चाकाला तो पेलणे कठीण जाते. म्हणून पार्सन्स यांनी वाफेचा दाब पात्यांच्या अनेक ओळींतून थोडाथोडा उतरवला. प्रत्येक ओळीने आपल्या वाट्याचे काम करावे, अशी ही योजना होती.

१८८९ मध्ये भागीदारी सोडून त्यांनी हीटन येथे स्वतःची कंपनी काढली. मात्र टर्बाइनचे एकस्व जुन्या कंपनीकडेच राहिले. ते परत मिळेपर्यंत त्यांना निराळ्या, अरीय प्रवाहाच्या टर्बाइनवर काम भागवावे लागले.

टर्बिनिया आणि स्लिपचा प्रश्न

टर्बाइन जहाजालाही चालवू शकेल हे दाखवण्यासाठी त्यांनी 'टर्बिनिया' ही प्रायोगिक नौका बांधण्याचे ठरवले. आधी दोन फुटी प्रतिकृती गळाच्या काठीने ओढून पाहिली. नंतर सहा फुटी प्रतिकृती पिळलेल्या रबरी दोरीच्या बळावर तळ्यात चालवली. या प्रयोगांवरून नौकेला किती शक्ती लागेल याचा अंदाज बांधला. सुमारे १०० फूट लांब, ९ फूट रुंद आणि ४४ टन वजनाची ही नौका ऑगस्ट १८९४ मध्ये पाण्यात उतरली. तिच्यात एक टर्बाइन आणि एकच शाफ्ट होता.

चाचण्यांनी मात्र निराशा केली. प्रोपेलर बदलून पाहिले, एकाच शाफ्टवर तीन प्रोपेलर बसवून पाहिले, तरी वेग २० नॉटच्या पुढे जाईना. अपेक्षा याहून कितीतरी मोठी होती.

प्रोपेलर हा पाण्यात शिरणारा स्क्रू आहे असे मानले, तर एका फेऱ्यात तो जितका पुढे सरकायला हवा, त्या अंतराला पिच म्हणतात. पिच २ फूट असलेला प्रोपेलर मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर हिशेबाने नौका मिनिटाला ४,००० फूट, म्हणजे सुमारे साडेएकोणचाळीस नॉट वेगाने जायला हवी. ती प्रत्यक्षात २० नॉटने गेली, तर स्लिप जवळजवळ निम्मी झाली. लाकडात स्क्रू घसरत नाही; पाणी मात्र मागे सरकते. थोडी स्लिप अटळच असते, किंबहुना आवश्यक असते, कारण पाणी मागे ढकलल्याखेरीज नौकेला पुढे रेटा मिळत नाही. शून्य स्लिपचा प्रोपेलर जवळजवळ काहीच काम करणार नाही. टर्बिनियाच्या पहिल्या चाचण्यांत मात्र ही घसर निम्म्याच्या आसपास होती, आणि ती निव्वळ नासाडी होती.

दोष कोणाचा, टर्बाइनचा की प्रोपेलरचा? टर्बाइनवर अविश्वास दाखवणारे पुष्कळ होते. शिवाय हे यंत्र दट्ट्याच्या इंजिनासारखे नसल्यामुळे त्याची शक्ती नेहमीच्या उपकरणाने मोजता येत नव्हती. पार्सन्स यांनी शाफ्टमध्ये स्प्रिंगचा मापक बसवून शाफ्टवरील पीळ मोजला. शक्ती पुरेशी होती. ती पाण्यात वाया जात होती.

याच सुमारास थॉर्निक्रॉफ्ट कंपनीचे सिडनी बार्नबी यांना 'डेअरिंग' या विनाशिकेवर असाच अनुभव आला होता. पात्यावर रेटा फार वाढला की त्याच्या पाठीकडील पाण्याचा दाब एवढा उतरतो, की तेथे थंड पाण्याचीही वाफ होते आणि पोकळ्या पडतात. पाते मग पाण्याऐवजी पोकळीत फिरते. या घटनेला रॉबर्ट एडमंड फ्रूड यांनी सुचवलेले 'कॅव्हिटेशन' हे नाव रूढ झाले.

पार्सन्स यांना हे डोळ्यांनी पाहायचे होते. १८९५ मध्ये त्यांनी तांब्याच्या नळीचे एक बंद वळसेदार पात्र केले व त्यात दोन इंच व्यासाचा प्रोपेलर बसवला. एवढ्या लहान प्रोपेलरभोवती एरवी पोकळ्या पडल्या नसत्या. म्हणून पंपाने पात्रातील हवेचा दाब उतरवला. प्रोपेलरच्या प्रत्येक फेऱ्यात एकदाच प्रकाशाची तिरीप पडेल अशी योजना केल्यामुळे फिरती पाती स्थिर भासू लागली आणि त्यांच्या पाठीवर धरलेल्या पोकळ्या स्पष्ट दिसल्या. त्यांची छायाचित्रेही घेतली गेली. जहाजांच्या प्रोपेलरची परीक्षा आज ज्या मोठ्या कॅव्हिटेशन बोगद्यांत होते, त्यांचा हा मूळपुरुष होय.

निदान झाल्यावर उपाय ठरला. पात्यांच्या प्रत्येक चौरस इंचावरील रेटा कमी करायचा, म्हणजे तेच काम अधिक पात्यांत वाटून द्यायचे. टर्बाइनमध्ये वाफेचा दाब ओळीओळींत वाटण्याची जी युक्ती, तीच येथे पाण्यात आली. १८९६ मध्ये नौकेतील टर्बाइन काढून तीन टर्बाइने बसवण्यात आली. उच्च, मध्यम व कमी दाबाची वाफ अनुक्रमे त्यांतून जाई. प्रत्येकाला स्वतंत्र शाफ्ट आणि प्रत्येक शाफ्टवर १८ इंची तीन प्रोपेलर, असे एकूण नऊ प्रोपेलर झाले. एप्रिल १८९७ मध्ये केंब्रिजचे प्राध्यापक आल्फ्रेड यूइंग यांनी घेतलेल्या चाचणीत नौकेने ३२.७५ नॉटच्या आसपास वेग दिला. नौका तीच होती.

२६ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवानिमित्त स्पिटहेड येथे आरमाराची पाहणी होती. तेथे युद्धनौकांच्या रांगांमधून टर्बिनिया भरधाव गेली आणि पहाऱ्याच्या नौका तिला गाठू शकल्या नाहीत. पार्सन्स यांच्या चरित्रात हाच प्रसंग सर्वाधिक रंगवून सांगितला जातो. खरी परीक्षा त्याआधीच, तांब्याच्या त्या पात्रात आणि एप्रिलच्या चाचणीत, उत्तीर्ण झाली होती.

आघात आणि विस्तार

यानंतर आरमारासाठी 'व्हायपर' आणि 'कोब्रा' या टर्बाइनवर चालणाऱ्या विनाशिका तयार झाल्या. चार शाफ्ट व आठ प्रोपेलर असलेल्या व्हायपरने चाचणीत ३६ नॉटपेक्षा अधिक वेग गाठला. परंतु १९०१ च्या ऑगस्टमध्ये ती धुक्यात खडकावर आदळली. पुढच्याच महिन्यात कोब्रा खवळलेल्या समुद्रात दुभंगून बुडाली. तिच्यावरील ६७ जण मृत्युमुखी पडले. पार्सन्स यांच्या कारखान्याचे व्यवस्थापक रॉबर्ट बार्नार्ड आणि तेथील अनेक कामगार त्यांत होते. दोष टर्बाइनचा नव्हता, तरी नव्या यंत्रावरील विश्वासाला धक्का बसला. त्याच वर्षी क्लाइड नदीवर सुरू झालेल्या 'किंग एडवर्ड' या प्रवासी जहाजाने तो बऱ्याच अंशी सावरला. १९०६ ची 'ड्रेडनॉट' युद्धनौका आणि अटलांटिक पार करणारी 'लुसिटानिया' व 'मॉरिटानिया' ही जहाजे टर्बाइनवर चालू लागली.

मूळ अडचण मात्र संपली नव्हती. टर्बाइन जितके वेगाने फिरेल तितके ते काटकसरी. प्रोपेलर मोठा आणि मंद असेल तितका पाण्याला चांगला धरतो. दोन्ही एकाच शाफ्टवर असल्यामुळे कोणालाच मनासारखी गती मिळत नसे. पार्सन्स यांनी 'व्हेस्पेसियन' हे जुने मालवाहू जहाज विकत घेतले. आधी त्याच्या जुन्या इंजिनाचा कोळशाचा खर्च मोजला. मग टर्बाइन बसवून मध्ये सुमारे वीसास एक या प्रमाणाचे गिअर घातले. टर्बाइन मिनिटाला सुमारे १,४०० फेरे घेई, तर प्रोपेलर अवघे ७० च्या आसपास. प्रोपेलर तोच ठेवूनही खर्चात सुमारे १५ टक्के बचत झाली. जलद टर्बाइन, मध्ये गिअर आणि संथ प्रोपेलर ही रचना पुढे सर्वत्र रुजली. वेगवान मोटरबोटींतही गिअरचे प्रमाण, पिच आणि पात्यांचे क्षेत्रफळ यांचा मेळ घालूनच स्लिप आटोक्यात ठेवली जाते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रोपेलरची पाती खड्डे पडून झिजत असल्याच्या प्रश्नाकडे ते वळले. १९१९ मध्ये स्टॅन्ली कुक यांच्यासह त्यांनी दाखवले, की ही झीज मुख्यतः गंजाची नसून पोकळ्या मिटताना पाण्याच्या बसणाऱ्या आघातांची आहे.

कुटुंब, सन्मान आणि मृत्यू

१८८३ मध्ये त्यांचा विवाह कॅथरीन बेथेल यांच्याशी झाला. मुलगा अल्जर्नन १९१८ मध्ये युद्धात मारला गेला. मुलगी रेचल अभियंता झाली व १९१९ मध्ये स्थापन झालेल्या विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटीची पहिली अध्यक्ष होती. कृत्रिम हिरे बनवण्यासाठी पार्सन्स यांनी अनेक वर्षे आणि बराच पैसा खर्च केला, पण त्यात यश आले नाही. १९२५ मध्ये त्यांनी ग्रब यांचा दुर्बिणींचा कारखाना घेतला आणि वडिलांच्या विषयाशी नाते पुन्हा जोडले.

१८९८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९११ मध्ये त्यांना 'सर' हा किताब, १९२७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट आणि १९२८ मध्ये कॉप्ली पदक मिळाले. वेस्ट इंडीजच्या सफरीवर असताना जमैकातील किंग्स्टन बंदरात 'डचेस ऑफ रिचमंड' या जहाजावर त्यांचे निधन झाले. नॉर्थम्बरलंडमधील कर्कव्हेल्पिंग्टन येथे त्यांचे दफन झाले. टर्बिनिया न्यूकॅसलच्या डिस्कव्हरी म्युझियममध्ये ठेवलेली आहे. १८९५ चे तांब्याचे पात्रही त्याच शहरातील विद्यापीठात जतन केलेले आहे.